गल्लीतला बदल मोजायचा कसा: इंदूरच्या एका मोहल्ल्यासाठी बारा आठवड्यांची पद्धत

अक्षय्य तृतीयेला नाक्यावर पाणपोई सुरू होते. माठाला हार घालतात, पार्षद (नगरसेवक) पहिला पेला उचलतात, फोटो निघतो. मेच्या शेवटच्या आठवड्यात, दुपारी तीन वाजता, त्याच माठात पाणी आहे का, पेला जागेवर आहे का आणि आजचं पाणी कोणी भरलं, हे बघायला मात्र कोणी जात नाही. या लेखातली सगळी पद्धत त्या दुपारच्या फेरीची आहे.

समाजात काही चांगलं घडतंय की नाही, यावर इंदूरच्या कुठल्याही ओटल्यावर दोन तट पडतात. एक म्हणतो शहर कुठल्या कुठे गेलं, दुसरा म्हणतो सगळं बुडालं. दोघांकडेही आकडा नसतो. एका गल्लीपुरता आकडा जमवणं अवघड नाही. रोजचा पाऊण तास, एक वही आणि बारा आठवडे पुरतात. पैसे जवळजवळ लागत नाहीत. लागते ती चिकाटी, आणि आपल्याला हवं तेच न लिहिण्याची सवय.

खूण कशाला म्हणायचं

वहीत कुठलीही गोष्ट ‘आशेची खूण’ म्हणून चढवण्याआधी तिला तीन प्रश्न विचारा. ती पुन्हा घडते का? सुरू करणारा माणूस नसताना घडते का? आणि तिची किंमत, मग तो पैसा असो, वेळ असो की लोकांची बोलणी, कोण सोसतंय?

दुसऱ्या प्रश्नाचं इंदूरमधलं ठळक उदाहरण म्हणजे अनंत चतुर्दशीच्या झाँक्या, म्हणजे मिरवणुकीतले चित्ररथ. हुकुमचंद, मालवा, कल्याण, स्वदेशी, राजकुमार या गिरण्यांची धुरांडी कधीच थंडावली. हुकुमचंदच्या कामगारांना थकीत देणं मिळायला 2023चा डिसेंबर उजाडला, तेव्हा गिरणी बंद होऊन तीन दशकं झाली होती. तरी गिरण्यांच्या गणेशोत्सव समित्या झाँक्या काढत राहिल्या. मालक गेला, पगार गेला, रीत उरली. आपल्या गल्लीत इतकं मोठं काही सापडणार नाही, पण कसोटी हीच लावायची.

पहिल्या दोन प्रश्नांना ‘हो’ आलं नाही तर नोंद वेगळ्या पानावर, ‘घटना’ म्हणून करा. घटना वाईट नसते. तिच्यावरून निष्कर्ष काढता येत नाही, एवढंच.

पहिला आठवडा: हद्द आणि नकाशा

80 ते 120 घरं घ्या. त्याहून कमी घेतली तर एखादं कुटुंब राहायला गेलं-आलं की आकडे हलतात, जास्त घेतली तर पाचव्या आठवड्यात फिरणं सुटतं. रामबाग, लोकमान्य नगर, सुदामा नगर, राजेंद्र नगर अशा आपल्या माणसांच्या वस्तीत राहत असाल तर फक्त मराठी घरांची हद्द आखण्याचा मोह होतो. तो टाळा. कॉलनीच्या पाठीमागची बस्ती, नाल्याकाठची पंधरा-वीस घरं, कोपऱ्यावरच्या गुमट्या (टपऱ्या) हद्दीत असायलाच हव्यात, कारण बदल बहुतेक वेळा या दोन वस्त्यांच्या मधल्या फाटकातून, भांडीवाल्या बाईंच्या येण्याजाण्यातून आणि मुलांच्या क्रिकेटमधून दिसतो.

ए-थ्री आकाराचा कागद घ्या. 1 सेंटिमीटर म्हणजे 10 मीटर धरलं तर साधारण 400 बाय 290 मीटरचा भाग मावतो, म्हणजे चार-पाच गल्ल्या आरामात. मोबाइलवरचा नकाशा बघून रस्ते पेन्सिलीने काढा आणि बाकी सगळं पायी फिरून भरा: नळ, ओटले, मंदिर, अंगणवाडी, बगीचा, किराणा, दिव्याचे खांब, बसायच्या जागा. मोबाइलच्या नकाशात नसतं तेच तुमच्या कामाचं असतं.

जुन्या विहिरी आणि बावड्या विचारून विचारून काढा. सत्तरीपुढच्या माणसांना त्या ठाऊक असतात. 30 मार्च 2023ला, रामनवमीच्या दिवशी, पटेल नगरच्या बेलेश्वर महादेव मंदिरात बावडीवरचा स्लॅब कोसळून 36 जणं गेली. हद्दीत झाकलेली बावडी सापडली तर बारा आठवडे थांबायचं नाही. त्याच दिवशी लेखी तक्रार द्यायची आणि पोच घ्यायची. उघडी, गाळ काढलेली, जाळी बसवलेली विहीर सापडली तर गाळ कोणी काढला आणि पुढच्या उन्हाळ्यात कोण काढणार, हे दोन्ही लिहा.

वही 200 पानी, आखलेली. पेन्सिल वापरा, पावसात शाई पसरते. प्रत्येक नोंदीत तारीख, वार, वेळ, जागा, काय दिसलं, किती, आणि शेवटी एक अक्षर: ‘प’ म्हणजे स्वतः पाहिलं, ‘ऐ’ म्हणजे ऐकलं. हे एक अक्षर विसरलात तर दोन महिन्यांनी वही वाचताना ऐकीव गोष्टी पाहिल्यासारख्या वाटायला लागतात. ही चूक सगळ्यांत जास्त होते आणि नंतर दुरुस्त करता येत नाही.

दुसरा ते चौथा आठवडा: नुसती मोजणी

या तीन आठवड्यांत कोणालाही काहीही विचारू नका. विचारायला लागलात की लोक वागणं सावरतात. चार वेळा ठरवा: सकाळी कचरागाडीची वेळ, शाळेच्या बसची वेळ, दुपारी तीन, संध्याकाळी सात. प्रत्येक वेळेला तीन आठवडे त्याच वारी, त्याच कोपऱ्यावर, वीस मिनिटं.

तीनदा मोजायचं कारण समजून घ्या. समजा संध्याकाळी सातला गल्लीतून स्वतः गाडी चालवत जाणाऱ्या बायका तीन मंगळवारी 11, 17 आणि 13 भरल्या. म्हणजे काहीही न बदलता आकडा सहाने इकडेतिकडे होतो. पुढच्या वर्षी 15 आला तर त्याला वाढ म्हणायचं नाही. 22, 27, 24 आले तर म्हणायचं. तिन्ही मोजण्यांतलं अंतर ही तुमची चुकीची मर्यादा, तिच्या आतला फरक सोडून द्यायचा. सरासरी, टक्केवारी यांच्या नादी लागू नका. शंभर घरांत एक घर म्हणजे एक टक्का, तेवढ्यावरून ‘टक्का वाढला’ असं लिहिणं हास्यास्पद होतं.

मोजायचं काय? सगळं नाही. सात-आठ गोष्टी निवडा आणि शेवटपर्यंत त्याच ठेवा.

दारावरच्या पाट्या सगळ्यांत सोप्या आणि बोलक्या. पाच रकाने करा: फक्त पुरुषाचं नाव, दोघांचं, फक्त बाईचं, घराचं नाव (‘मातृछाया’ वगैरे), आणि पाटीच नाही. इथे एक बारकावा आहे. महिलेच्या नावे घर घेतलं तर नोंदणीच्या खर्चात सवलत मिळते, म्हणून कागदावर बाईचं नाव असणं हा हिशेब असू शकतो. दारावर नाव लावल्याने एक रुपयाही वाचत नाही, म्हणून पाटी जास्त सांगते. अर्थात पाटी घर रंगवताना बदलते, म्हणजे सात-आठ वर्षांतून एकदा. तेव्हा दरवर्षी बदल शोधू नका, नव्या रंगवलेल्या घरांच्या पाट्या वेगळ्या मोजा. फ्लॅटमध्ये जिन्याखालची पत्रपेटी बघा.

शाळेच्या बसपाशी मुलांना सोडायला बाप किती येतात; बगीच्यात संध्याकाळी बाकावर बसलेल्या मुली आणि बायका किती, चालणाऱ्या नव्हे, बसलेल्या; बस्तीतली मुलं कॉलनीच्या बगीच्यात खेळतात की फाटकाबाहेर; किराण्याच्या गल्ल्यावर कोण बसतं; छतांवर सौर पॅनेल किती. बसलेल्या बायका यासाठी की चालणं ‘तब्येतीसाठी’ असतं, त्याला घरातून परवानगी सहज मिळते. काहीही न करता तासभर बाहेर बसता येणं ही वेगळी मोकळीक आहे.

कचरागाडी: एकाच जागी सगळं दिसतं

इंदूरमध्ये या एका विषयावर थोडं थांबायला हवं. देशाच्या 2016च्या स्वच्छता सर्वेक्षणात पंचविसावं असलेलं शहर 2017ला पहिलं आलं आणि मग येतच राहिलं, हे इथल्या पोराला पाठ असतं. ओला, सुका, प्लास्टिक, सॅनिटरी, घरगुती घातक आणि इलेक्ट्रॉनिक असा सहा प्रकारचा कचरा वेगळा जातो. देवगुराड्याचा जुना कचऱ्याचा डोंगर हटला, तिथे 2022च्या फेब्रुवारीत दिवसाला 550 टन ओला कचरा पचवणारा गॅसचा कारखाना सुरू झाला. हे सगळं खरं आहे आणि अभिमानाचंही. पण नंबर शहराचा असतो, सवय घराची. तुमच्या गल्लीत बघायचं ते सवयीकडे.

सलग तीन दिवस गाडीपासून दहा पावलांवर उभे राहा. डबा घेऊन कोण येतं: घरातली बाई, पुरुष, मूल की कामवाली? वीस घरं मोजा, पुरेत. ओल्यात प्लास्टिकची पिशवी किती जण टाकतात? गाडीवरचा माणूस ती परत देतो का, की मुकाट्याने स्वतः वेगळी करतो? स्वतः करत असेल तर गल्लीची सवय लागलेली नाही, तो माणूस गल्लीचं काम करतोय. त्याच्या हातात हातमोजे आहेत का, ते ओले असतानाही घातलेले आहेत का?

मग सॅनिटरीचा कप्पा. घरातून हा कचरा वेगळा, कागदात गुंडाळून, उघडपणे त्या कप्प्यात जातो का, की काळ्या पिशवीत दडवून सुक्यात? पुरुष तो डबा उचलून आणतो का? पाळीविषयी घरात बोलणं किती मोकळं झालंय, हे कुठल्याही भाषणापेक्षा या कप्प्यापाशी आधी कळतं. मोजताना डोकावून बघू नका, गाडीवरचे लोक सांगतात.

शेवटचं आणि सगळ्यांत महत्त्वाचं: सफाई मित्राचं, म्हणजे गाडीवरच्या सफाई कामगाराचं, नाव किती घरांना माहीत आहे? उन्हाळ्यात त्याला पाणी देतात तेव्हा कोणत्या पेल्यात? घरातल्याच स्टीलच्या पेल्यात, ओट्यावर वेगळ्या ठेवलेल्या पेल्यात, की बाटली वरून ओतून? या तीन पायऱ्या वहीत तीन रकान्यांत लिहा, घराचा क्रमांक न लिहिता. स्वच्छतेचं बक्षीस ज्याच्या हातांनी आलं त्याला गल्ली कशी वागवते, हा आकडा कुठल्याही सर्वेक्षणात नसतो. तो तुम्हीच काढू शकता.

पाचवा ते सातवा आठवडा: घरातले कागद

लग्नपत्रिका फेकू नका. बहुतेक मराठी घरांत कपाटाच्या वरच्या फळीवर, औषधांच्या पाकिटांशेजारी, जुन्या पत्रिकांचा गठ्ठा असतो. पाच-सहा घरांतून तीस-चाळीस पत्रिका जमवा आणि वर्षाप्रमाणे लावा. वधूच्या आईचं नाव स्वतंत्र आहे का, की ‘सौ. व श्री.’मध्ये बुडालंय? वधूचं शिक्षण वरासारखंच छापलंय का? दोन्हीकडची आडनावं एकाच पोटजातीची की वेगळी? निमंत्रकांत काकू-आत्या आहेत का, विधवा आजीचं नाव आहे का? ‘आहेर आणू नये’ कधीपासून दिसायला लागलं? दहा-दहा वर्षांचे ढीग शेजारी ठेवले की फरक डोळ्यांनी दिसतो. एक सावधगिरी: पत्रिका जपून ठेवलेली घरं सहसा शिकलेली आणि एकाच जागी स्थिरावलेली असतात. भाड्याच्या घरांच्या पत्रिका घरं बदलताना गेलेल्या असतात. म्हणून निष्कर्ष गल्लीबद्दल काढू नका, फक्त या घरांबद्दल काढा.

दुसरा खजिना गणेश मंडळाची पावतीपुस्तकं. एकूण रकमेकडे बघू नका, वर्गणी देणाऱ्या घरांची संख्या बघा. 60 घरांनी 200 रुपये दिले तर 12,000 होतात, आणि एका बिल्डरनेही 12,000 दिलेले असतात. दोन्ही वर्षी मंडप तेवढाच, पण पहिल्या वर्षी मंडळ गल्लीचं होतं. सगळ्यांत मोठ्या पाच देणगीदारांचा वाटा एकूण रकमेच्या अर्ध्याहून जास्त झाला की ती गोष्ट ‘बिघडलं’ नावाच्या वेगळ्या पानावर जाते. कार्यकारिणीच्या यादीत बायका कुठे आहेत तेही पाहा. ‘सांस्कृतिक प्रमुख’ सगळीकडे असतात, कोषाध्यक्ष बाई असेल आणि बँकेच्या चेकवर तिची सही चालत असेल तर ती खूण.

हळदीकुंकू, सुतक, पंगत

संक्रांत ते रथसप्तमी हा काळ बारा आठवड्यांत येत असेल तर नशीब समजा. हळदीकुंकवाला नवरा गेलेल्या बायकांना बोलावतात का, हा प्रश्न थेट विचारला तर प्रत्येक घर ‘आम्ही असलं काही मानत नाही’ म्हणतं. म्हणून विचारायचं असं: “काकू, यंदा कोणकोण आलं होतं?” नावं त्या आपणहून सांगतात. मग चार पायऱ्या धरा: बोलावलंच नाही; बोलावलं, वाण दिलं, पण कुंकू नाही; सगळं सगळ्यांसारखं; आणि चौथी, तिच्याच घरी हळदीकुंकू झालं आणि बाकीच्या गेल्या. चौथी पायरी एका जरी घरी सापडली तरी तारीख घालून ठेवा. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने 2022च्या मे महिन्यात विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, त्याची चर्चा इंदूरच्या मराठी घरांतही झाली. चर्चा म्हणजे पहिली पायरीसुद्धा नव्हे. आणि हे शहर कोणाचं? 1767 ते 1795 राज्य चालवणाऱ्या अहिल्याबाईंचं, ज्या राज्यावर आल्या तेव्हा विधवा होत्या. दरवर्षी त्यांची पालखी काढायची आणि शेजारच्या वहिनींना वाण फाटकातून द्यायचं, याची संगती आपल्यापैकी कोणालाही लावता आलेली नाही.

मृत्यूनंतरच्या गोष्टी नाजूक असतात, तीन महिने उलटल्याशिवाय विचारू नका. अग्नी कोणी दिला, मुली आणि सुना मुक्तिधामपर्यंत (स्मशानापर्यंत) गेल्या का, तेराव्याची पंगत किती पानांची झाली. अवयवदानासाठी रस्ते मोकळे करणारे ग्रीन कॉरिडॉर इंदूरकरांना आता नवे नाहीत. पण खिशातलं नेत्रदानाचं कार्ड खूण नव्हे. डोळे मृत्यूनंतर सहा तासांच्या आत काढावे लागतात, म्हणून घरातल्या दुसऱ्या माणसाला फोन कुठे करायचा हे ठाऊक आहे का, हे विचारा. नसेल तर क्रमांक फ्रिजवर चिकटवून द्या आणि वहीत लिहा की हा बदल तुम्ही केला, आढळलेला नाही.

शिक्षण हक्क कायद्याखालच्या, खासगी शाळेतल्या मोफत 25 टक्के जागांवर बस्तीतली मुलं कॉलनीतल्या मुलांच्याच वर्गात शिकतात. पाहणी शाळेत नको. वाढदिवसाला त्यांना बोलावलं जातं का, आणि ती येतात का, हे आयांच्या बोलण्यातून आपोआप निघतं.

आठवा आणि नववा आठवडा: माणसांशी बोलणं

बारा माणसं पुरतात. अध्यक्ष, पार्षद, पुजारी यांना शेवटी ठेवा, त्यांच्याकडे तयार उत्तरं असतात. अंगणवाडीच्या ताई, दूधवाला, इस्त्रीवाला, निगमचा दरोगा (सफाईचा मुकादम), घरकाम करणाऱ्या दोन बाया, दहावी-बारावीची दोन मुलं, एकटी राहणारी एखादी आजी यांच्यापासून सुरुवात करा. भाषा त्यांची. मराठी घरात मराठी, बाहेर हिंदी, आणि समोरचा माळवीत बोलत असेल तर निदान ऐकून घेता आली पाहिजे.

“बदल झालाय का?” हा प्रश्न निरुपयोगी. त्यावर ‘हो, खूप’ किंवा ‘कसला बदल’ एवढंच येतं. “शेवटचं कधी झालं?”, “त्या दिवशी कोण होतं?”, “तुम्ही आजारी पडलात तर हे कोण करतं?” असे प्रश्न विचारा. तिसरा प्रश्न सोन्यासारखा. पाणपोई रोज भरणाऱ्या माणसाने दोन नावं घेतली तर ती पाणपोई पुढच्या वर्षी असेल. “मीच, दुसरं कोण?” असं उत्तर आलं तर ती त्याच्या गुडघ्यांइतकीच टिकेल. माठाचा हिशेबही करून ठेवा: 20 लिटरचा माठ म्हणजे 200 मिलिलिटरचे 100 पेले. गर्दीच्या नाक्यावर तो दुपारपर्यंत रिकामा होणारच, म्हणजे दिवसात किमान दोनदा भरणारा माणूस हवा.

बोलताना रेकॉर्डिंग नको, फोटो नको. नाव, जात, कोण विधवा, कोणाचा नवरा पितो, हे वहीत येता कामा नये. गल्ली लहान असते, वही हरवते. ‘घर 14’ असंही लिहू नका, चौदा नंबर सगळ्यांना ठाऊक असतो. मुलांशी बोलायचं तर आई किंवा बाबा समोर हवेत.

दहावा आठवडा: खरंखोटं

झाडं घ्या. 14 जुलै 2024ला रेवती रेंजवर 24 तासांत 12 लाखांहून अधिक रोपं लावल्याचा विक्रम इंदूरने केला. त्याच हंगामात गल्लोगल्ली रोपं लागली. लावलेली रोपं जुलैत मोजणं सोपं, आणि बिनकामाचं. मोजायची पुढच्या जूनमध्ये, पहिल्या पावसाआधी. पानं नसली म्हणून रोप मेलं असं नाही. खोडाची साल नखाने थोडी खरवडा, खाली हिरवं दिसलं तर जिवंत, तपकिरी कोरडं असेल तर शेंड्यापासून बुडापर्यंत तीन जागी बघा आणि मगच मेलं म्हणा. लोखंडी जाळी खोडात रुतायला लागली असेल तर झाड जगलं पण सांभाळणारा गेला, असं समजा. जाळी वेळेत काढणारा कोणी असणं ही रोप लावण्यापेक्षा मोठी खूण.

सरकारी कामाची पडताळणी दोन वाटांनी. निगमच्या 311 ॲपवर किंवा मुख्यमंत्री हेल्पलाइनच्या 181 वर केलेल्या तक्रारी शेजाऱ्यांकडून जमवा आणि ‘निराकरण झालं’ अशी नोंद पडल्यानंतर तीच तक्रार किती दिवसांनी परत आली ते लिहा. आठ दिवसांत परत आली तर काम झालेलं नव्हतं. दुसरी वाट माहितीच्या अधिकाराची. 10 रुपये फी, अर्ज हिंदीत, लोक सूचना अधिकाऱ्यांच्या नावे, उत्तराची मुदत 30 दिवस. म्हणून अर्ज दहाव्या नव्हे, पाचव्या आठवड्यातच टाकलेला असावा. ‘बगीच्याची देखभाल का होत नाही?’ असं विचारलं की अर्ज वाया जातो, कारण कायदा कागद देतो, कारणं देत नाही. वॉर्ड, बगीचा, एक आर्थिक वर्ष, देखभालीच्या बिलांच्या प्रती, एवढंच मागा.

गौरव झालेल्या कामाकडे तर जास्त बारकाईने बघा. इंदूरच्या बस्त्यांत गटारं, रस्ते, पाणी एकत्र जोडण्याच्या प्रकल्पाला 1998 साली आगा खान वास्तुकला पुरस्कार मिळाला. नंतर बस्त्यांत जाऊन पाहणाऱ्या अभ्यासकांनी तुंबलेल्या वाहिन्यांकडे बोट दाखवलं. नाल्यांचंही तसंच: शहराला 2021 साली सांडपाणी शुद्ध केल्याशिवाय नाल्यात न सोडण्याबद्दलचं देशातलं पहिलं वॉटर प्लस मानांकन मिळालं, तरी तुमच्या हद्दीतून खान नदीकडे जाणारा नाला मेमध्ये, जेव्हा पावसाचं पाणी नसतं, तेव्हा कोरडा आहे की काळा वाहतोय, हे पुलावर उभं राहून बघायला दोन मिनिटं लागतात.

कुठे फसतं

सणासुदीत मोजणी फसते. गणपतीचे दहा दिवस, रंगपंचमीचा आठवडा, दिवाळी आणि निवडणुकीचा महिना मोजणीतून वगळा, या काळात गल्ली पाहुण्यांसारखी वागते. पाचव्या आठवड्यात कंटाळा येतो आणि आकडे घरबसल्या भरावेसे वाटतात. एक फेरी चुकली तर रकाना कोरा ठेवा. तिसरी अडचण व्हॉट्सॲपची: मधेच ग्रुपवर सांगितलंत की दुसऱ्या दिवसापासून गाडीपाशी सगळे ओला-सुका वेगळा करायला लागतात, चार दिवस. बारा आठवडे गप्प राहणं इंदुरी माणसाला जड जातं खरं, पण इलाज नाही.

आणि फक्त चांगलंच लिहायचं ठरवू नका. ‘बिघडलं’ हे पान कोरं राहिलं असेल तर तुम्ही गल्ली पाहिलेली नाही. दहा वर्षांपूर्वी संध्याकाळी बायका-माणसांनी भरणारे ओटले गाड्यांच्या पार्किंगने गिळले असतील, वाचनालयाची वेळ दोन तासांवर आली असेल. तेही मोजा, त्याच कसोटीने.

अकरावा आणि बारावा आठवडा: परत देणं

जमवलेलं एका पानावर बसवा, मराठीत आणि मागच्या बाजूला हिंदीत. पाच खुणा, दोन बिघाड, प्रत्येकाला आकडा आणि मोजणीचा महिना. विशेषणं काढून टाका. ‘बसपाशी मुलांना सोडायला येणारे बाप, तीन सोमवारी: 6, 8, 7’ हे पुरेसं बोलतं. ज्यांच्याशी बोललात त्या बाराही जणांना पान आधी दाखवा. कोणी ‘हे काढा’ म्हटलं तर वाद न घालता काढा. मग किराण्याच्या दुकानात आणि बगीच्याच्या फलकावर लावा.

शेवटच्या आठवड्यातलं खरं काम पाच खुणांमागच्या पाच माणसांकडे जाण्याचं. सत्कार करू नका. शाल-श्रीफळ दिलं की काम त्या एकट्याचं होऊन बसतं आणि बाकीचे टाळ्या वाजवून मोकळे होतात. विचारा, “पुढच्या वर्षी चालू ठेवायला काय लागेल?” उत्तरं बहुतेक वेळा लहान निघतात: बगीच्याच्या नळाची दुसरी किल्ली, रबरी नळीचे 15 मीटर, बुधवारी आणि शनिवारी कोणीतरी बदली, अभ्यासिकेसाठी मंदिराच्या तळघरातला एक जास्तीचा दिवा. ज्या दोन गोष्टी त्याच आठवड्यात करता येतील त्या करा.

पुढची मोजणी बरोबर एक वर्षाने, त्याच महिन्यात, त्याच वारी, त्याच कोपऱ्यांवर. तुम्ही नसाल तर वही कोणाकडे जाणार, ते पहिल्या पानावर आजच लिहून ठेवा आणि त्या माणसाला एकदा सोबत फिरवून आणा, म्हणजे कुठल्या खांबापाशी उभं राहायचं हे त्याला विचारावं लागणार नाही.